जळालेली कॉइल आणि जुळणीचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोटारीतला खर्ज गेला. मोटार जुनी, सेकंडहँड घेतलेली. परंतु तिच्या मागच्या भागात कारखान्यातूनच बसवून आलेला एक सबवूफर होता आणि त्याच्यामुळे घाट चढताना तानपुऱ्याचा खालचा षड्ज आणि डग्ग्याचा घुमारा हे दोन्ही आम्हाला मिळत असे. आधी, डग्ग्यावर कुणी कागद ठेवून वाजवावे तसा फरफराट सुरू झाला. मग एके दिवशी आवाज चढवल्यावर जळक्या वार्निशाचा किंचित वास आला आणि त्यानंतर खालचे सगळे स्वर नाहीसे झाले. उरले ते दारांतल्या लहान स्पीकरांमधून येणारे पातळ, कोरडे संगीत.

अधिकृत दुरुस्ती-केंद्रातल्या तरुणाने नम्रपणे सांगितले, "हा पार्ट सुटा येत नाही, सर. अ‍ॅम्प्लिफायरसकट सगळा सेट घ्यावा लागेल." त्या सेटची किंमत ऐकल्यावर आम्ही तितक्याच नम्रपणे बाहेर पडलो. रस्त्यापलीकडे मोटारींचे सुटे सामान विकणारे एक दुकान होते. तिथल्या गृहस्थांना यात काहीच अवघड वाटले नाही. "काका, कुठलाही आठ इंची वूफर टाकू. मागून चार वायरी आल्यात ना, दोन-दोन एकत्र पिळून जोडून देतो. अर्ध्या तासाचं काम." एकाच्या मते काहीच कशाशी जुळणार नव्हते, दुसऱ्याच्या मते सगळेच सगळ्याशी जुळत होते. या दोन उत्तरांच्या मध्ये कुठेतरी खरे उत्तर असणार, एवढे आम्हाला कळत होते. ते शोधताना आम्ही जे वाचले त्यावरून असे वाटू लागले की हा प्रश्न एका मोटारीचा नाही. सुटा भाग आणि अखंड वस्तू यांच्यातली ही ओढाताण स्पीकरच्या जन्मापासूनची आहे आणि तिला स्वतःचा असा एक इतिहास आहे.

*

प्रारंभ एका शाळामास्तरापासून करावा लागतो. गेओर्ग ओहम हे कोलोन येथे गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत असत. तारेतून वाहणारी विद्युतधारा, तिला ढकलणारे विभवांतर आणि तारेचा रोध यांचा परस्परसंबंध सांगणारे त्यांचे पुस्तक १८२७ साली प्रसिद्ध झाले. आज आठवी-नववीच्या मुलाला जो नियम पाठ असतो, त्याचे त्या काळच्या जर्मन विद्वानांनी फारसे स्वागत केले नाही. मान्यता बाहेरून आणि उशिरा आली; लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली ओहम यांना कोपली पदक दिले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना पुढची आहे. १८८१ साली पॅरिस येथे विद्युतशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तोपर्यंत तारायंत्रांचे जाळे खंडाखंडांत पसरले होते, परंतु रोध मोजण्याची मापे मात्र देशोदेशी वेगवेगळी होती. या परिषदेने व्होल्ट, अ‍ॅम्पिअर आणि ओहम ही एकके स्वीकारली आणि ओहमाचे प्रत्यक्ष माप शून्य अंश तापमानाला एक चौरस मिलिमीटर जाडीच्या पाऱ्याच्या स्तंभावर ठरवायचे असे निश्चित केले. स्पीकरच्या पाठीवर '४ ओहम' असे छापलेले असते, त्यामागे हा करार उभा आहे. ज्याने स्पीकर केला आणि ज्याने अ‍ॅम्प्लिफायर केला ते एकमेकांना ओळखत नसले, त्यांच्यात दोन समुद्र आणि पन्नास वर्षे असली, तरी या एका आकड्यावर त्यांची गाठ पडू शकते. अनोळखी माणसांनी एकमेकांच्या कामावर विसंबावे यासाठी मानवाने ज्या काही गोष्टी निर्माण केल्या, त्यांत मापांचा क्रम फार वरचा लागतो.

*

स्पीकर मात्र सुटा भाग म्हणून बाजारात आला नाही, ही गोष्ट आम्हालाही नवीन होती. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते ठेवण्याची कल्पना जुनी. जर्मनीच्या एर्न्स्ट सीमेन्स यांनी १८७४ साली आणि इंग्लंडात ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली तिची पेटंटे घेतली होती. परंतु आजचा स्पीकर ज्याला आपला थेट पूर्वज म्हणू शकेल तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडला. कागदाचा शंकू; शंकूच्या टोकाला तांब्याच्या तारेचे लहानसे वेटोळे, म्हणजे कॉइल; ही कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत अधांतरी झुलणारी; शंकूचा बाहेरचा काठ एका मऊ कडीने चौकटीला धरलेला. कॉइलमधून धारा गेली की ती मागेपुढे होते, शंकू हवा ढकलतो, आणि आपण त्याला आवाज म्हणतो. शंभर वर्षांत चुंबक बदलले, गोंद बदलले, कागदाच्या जागी कुठे प्लास्टिक आले. पण या रचनेत मूलभूत असा बदल झालेला नाही. आमच्या मोटारीत जळालेली वस्तू राइस आणि केलॉग यांनी पाहताक्षणी ओळखली असती.

पुढच्याच वर्षी, १९२६ साली, आरसीए कंपनीने हा शोध 'रेडिओला १०४' या नावाने विकायला काढला. किंमत २५० डॉलर. त्या पेटीत स्पीकरबरोबर त्याला चालवणारा, सुमारे एक वॅट शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायरही बसवलेला होता. म्हणजे आरंभी अखंड वस्तूच होती आणि तसे असणे स्वाभाविकही होते. नव्या स्पीकरला पुरेशी शक्ती देऊ शकेल असा अ‍ॅम्प्लिफायर त्या वेळी सामान्य घरात नव्हता. ज्याने एक विकायचे त्याला दुसरेही द्यावे लागले.

सुटेपणा पुढे हळूहळू आला आणि तो प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हौशी श्रोत्यांनी आणला. अ‍ॅम्प्लिफायर एकाचा, स्पीकर दुसऱ्याचा, खोके सुताराकडून करून घेतलेले, अशी ती पद्धत होती. तिची मर्यादा एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली दाखवून दिली. अमेरिकेतील केंब्रिज येथे हेन्री क्लॉस यांच्यासह त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीचा पहिला स्पीकर एका हवाबंद, तुलनेने लहान पेटीत होता. व्हिलचर यांनी शंकूची कडी मुद्दाम सैल ठेवली आणि शंकूला जागेवर आणणाऱ्या स्प्रिंगचे काम पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवले. लहान पेटीतून खोल खर्ज आला. पण यातून असेही सिद्ध झाले की पेटीतली हवा हा स्पीकरचाच एक अवयव आहे. पेटीचे आकारमान बदलले, किंवा त्याच पेटीत वेगळ्या ताणाचा शंकू बसवला, तर खर्ज बिघडतो.

मग सुटा स्पीकर विकत घेणाऱ्याने पेटी कशी करावी? याचे उत्तर ऑस्ट्रेलियातून आले. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि सिडनी विद्यापीठाच्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ साली, स्पीकरचा स्वभाव मोजक्या आकड्यांत कसा पकडता येतो हे दाखवले. शंकू मोकळा असताना कोणत्या स्वराला आपोआप थरथरतो, ती थरथर किती लवकर शमते, आणि त्याच्या कडीचा ताण किती लिटर हवेच्या ताणाइतका आहे, हे तीन आकडे त्यांत मुख्य. थील यांचा निबंध दहा वर्षे ऑस्ट्रेलियाबाहेर फारसा कुणी वाचला नव्हता. १९७१ साली अमेरिकेतल्या ध्वनि-अभियांत्रिकीच्या नियतकालिकाने तो पुन्हा छापल्यावर त्याचे महत्त्व सर्वत्र कळले. ओहमांच्या एका आकड्याला ही तीन भावंडे मिळाली आणि सुट्या भागाची भाषा पुरी झाली. आता कागदावरचे आकडे वाचून, न ऐकलेल्या स्पीकरसाठी पेटी आखता येऊ लागली.

*

मोटारीची कथा याला समांतर चालते. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांनी १९३० साली आपल्या मोटारीत एक रेडिओ बसवला आणि रेडिओ-उत्पादकांच्या मेळाव्यासाठी ते अ‍ॅटलांटिक सिटीला गेले. मेळाव्यात मांडायला जागा घेतलेली नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यांनी मोटारीतच रेडिओ ऐकवला. या रेडिओला दिलेले 'मोटोरोला' हे नाव पुढे १९४७ साली कंपनीचेच नाव झाले. युरोपात १९३२ साली ब्लाउपुंक्ट हे नाव घेऊन आलेल्या मोटार-रेडिओची किंमत ४६५ राइशमार्क होती. मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची आणि रेडिओच्या नळ्यांना, म्हणजे व्हॉल्व्हना, लागत शेकडो व्होल्ट. मग व्हायब्रेटर नावाचे एक गुणगुणणारे यंत्र बॅटरीच्या धारेचे सेकंदाला शेकडो तुकडे करी आणि ट्रान्सफॉर्मर त्या तुकड्यांचा दाब चढवी. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को यांनी संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला आणि या खटाटोपाची गरज संपली. त्याच सुमारास अमेरिकन मोटारी सहाऐवजी बारा व्होल्टवर गेल्या.

या सगळ्या काळात मोटारीतले संगीत ही मोटारीत मागाहून येणारी पाहुणी वस्तू होती. पाहुण्याची खोली कशी असावी हेही पुढे ठरून गेले: डॅशबोर्डमधली सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच अशी फट. जर्मनीच्या 'डिन' या मानक-संस्थेच्या नावाने ती ओळखली जाते आणि पुढे ती आंतरराष्ट्रीय मानकही झाली. बाजारात मिळणाऱ्या संचांच्या वायरींचे रंगही बरेचसे रूढ झाले. पिवळी कायम बॅटरीला, लाल किल्लीला, काळी बॉडीला, निळी अ‍ॅम्प्लिफायरला जागे करण्यासाठी. आपल्याकडे प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर घेणारा माणूस स्टिरिओ बहुधा बाजारातूनच बसवून घेई. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही नावे ज्यांना वेगळ्या कारणांनी ठाऊक नाहीत, त्यांना या कारणाने ठाऊक असतात. १८८१च्या पॅरिसमधला करार अशा गल्ल्यांतून, त्याचे नावही न घेता, रोज पाळला जात होता.

*

मग हा करार मोडला कुठे? आमच्या मते तो बारा व्होल्टच्या छताशी अडखळला. येथे थोडे गणित करणे भाग आहे. वाचकांनी ते सोसावे.

शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. इंजिन चालू असताना मोटारीच्या बॅटरीवर सुमारे १४.४ व्होल्ट असतात. साध्या अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन बाजू स्पीकरला आळीपाळीने दोन्हीकडून ढकलतात अशी रचना केली, तर स्पीकरवरचा दाब शिखराला जास्तीत जास्त तेवढाच चढतो. चार ओहमांच्या स्पीकरला यातून जेमतेम २६ वॅट मिळतात. दारातल्या स्पीकरला एवढे पुष्कळ झाले. खर्ज मात्र शक्ती खातो, कारण खालच्या स्वरांसाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते आणि त्यातच मोटारीच्या चाकांची घरघर नेमकी त्याच पट्टीत असते.

यातून निघायला दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच दाब चढवणारा विभाग ठेवणे. जुन्या व्हायब्रेटरचा हा ट्रान्झिस्टर युगातला नातू. असा अ‍ॅम्प्लिफायर कोणत्याही चार ओहमांच्या स्पीकरला शंभर-दोनशे वॅट देऊ शकतो, परंतु तो महाग, मोठा आणि गरम असतो. सुट्या सामानाच्या बाजाराने ही वाट धरली. दुसरी वाट म्हणजे दाबाला हात न लावता रोधच कमी करणे. दोन ओहमांची कॉइल केली की त्याच १४.४ व्होल्टमधून ५२ वॅट, एक ओहमाची केली की सुमारे १०४ वॅट. अ‍ॅम्प्लिफायर स्वस्त राहतो. जास्तीची धारा तेवढी सोसावी लागते. मोटारीच्या अनेक कारखान्यांनी ही वाट धरली, आणि ज्याला स्पीकरही आपणच करायचा आहे त्याच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे.

या वाटेची एक अट असते. आठ ओहमांच्या स्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारेत दशांश ओहम वाया गेला तर कुणाला कळत नाही. एक ओहमाच्या स्पीकरपुढे तो दशांश म्हणजे सरळ दहावा हिस्सा. म्हणून तार आखूड हवी आणि अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या जवळ हवा. अशा रीतीने रोध उतरला की दोन वस्तू एकमेकींजवळ सरकतात आणि शेवटी एका पेटीत येतात.

१९८३च्या मॉडेलच्या काही कॅडिलॅक, ब्यूइक आणि ओल्ड्समोबिल मोटारींत जनरल मोटर्सने बोस कंपनीची ध्वनियोजना दिली. तिच्या चार स्पीकरांपैकी प्रत्येकाला स्वतःची पेटी आणि पेटीतच स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर होता. 'रेडिओला १०४'नंतर साडेपाच दशकांनी अखंड वस्तू परत आली. या वेळी कारण निराळे होते. मोटारीत काच कुठे, गादी कुठे आणि ऐकणाऱ्याचे कान कुठे असतील हे रचनाकाराला आधीच ठाऊक असते. घरातल्या दिवाणखान्याबद्दल हे कुणाला सांगता येत नाही. हे ज्ञान वापरून अ‍ॅम्प्लिफायरमध्येच, कुठला स्वर किती चढवायचा आणि किती उतरवायचा, ते कायमचे कोरून ठेवता येते. लहान, हलका, एरवी सामान्य वाटणारा स्पीकर त्या कोरीव दुरुस्तीच्या आधारावर उत्तम वाजतो. श्रोत्याचा यात खरोखर लाभ झाला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्ही स्वतः असाच लाभ अनेक वर्षे घेतला होता.

या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांचे चरित्र येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्यांचे वडील ननीगोपाल बोस ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या चळवळीमुळे बंगाल सोडून अमेरिकेत गेलेले. दुसऱ्या महायुद्धात वडिलांचा आयातीचा व्यवसाय थंडावला तेव्हा फिलाडेल्फियातल्या या कुटुंबाला शाळकरी अमरच्या रेडिओ-दुरुस्तीने हातभार लावला. दुसऱ्याने केलेली पेटी उघडणे, मेलेला भाग शोधणे, त्याच्या जागी जुळणारा बसवणे, यातून ज्या मुलाचे शिक्षण झाले, त्याच्याच कल्पनेने पुढे अशा पेट्या जन्माला आल्या की ज्यांतला सुटा भाग बाहेर काढला तर तो एकटा कशाशीच जुळत नाही. यात त्यांचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. चांगला आवाज आणि उघडता येणारी पेटी ही दोन वेगळी ध्येये आहेत आणि एकाचा पाठलाग करताना दुसरे मागे पडू शकते, एवढेच या चरित्रावरून दिसते.

पुढची पायरी २००१ साली आली. त्या वर्षीच्या बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेत डॅशबोर्डापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत आवाज प्लास्टिकच्या प्रकाशतंतूतून आकड्यांच्या रूपात जाऊ लागला. आता वायरीचा रंग ओळखणाऱ्या कारागिराच्या हाती वायरच राहिली नाही. त्या तंतूतून काय चालले आहे ते मीटर लावून कळत नाही. त्यासाठी कारखान्याची परवानगी आणि भाषा लागते.

*

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही सबवूफर पेटीतून काढला आणि तपकीर गल्लीत घेऊन गेलो. तिथे एका जिन्याखालच्या दुकानात एक वयस्क कारागीर लाउडस्पीकरांचे कोन बदलून देतात. गणपतीच्या आधीचे दिवस. भोवती पंधरा आणि अठरा इंची वूफरांचे ढीग. त्यांनी आमचा आठ इंची जीव हातात घेतला, उलटा केला, मीटर लावला आणि म्हणाले, "साहेब, यात दोन कॉइली आहेत. एक मेली. दुसरी एक पॉइंट आठ दाखवतेय, म्हणजे दोन ओहमची."

मीटर स्थिर धारेचा रोध मोजतो आणि तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमी येतो, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळले नव्हते. मग त्यांनी शंकूच्या काठाला बोट लावले. फोमची कडी बोटाखाली ओल्या बिस्किटासारखी चुरली. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत वर्षानुवर्षे राहिला की त्याचे रासायनिक बंध तुटत जातात. आपल्या पावसाळ्यांत तर त्याला फारशी उसंत मिळत नाही. आता मृत्यूचा क्रम स्पष्ट झाला. कडी कुजली, शंकू तिरका झाला, कॉइल चुंबकाच्या भिंतीला घासू लागली. तोच तो फरफराट. घासून तारेवरचे वार्निश गेले, वेटोळी एकमेकांना चिकटली, आणि उरलेले काम उष्णतेने केले. स्पीकरला दिलेल्या शक्तीपैकी जेमतेम एक टक्का आवाजात उतरते. बाकी सगळी कॉइलच्या तांब्यात उष्णता होऊन साचते. चालत्या स्पीकरची कॉइल ती हवेत सोडत राहते, पण घासणाऱ्या आणि अडकणाऱ्या कॉइलला ते जमत नाही.

आम्ही त्यांना समोरच्या दुकानदाराचा, वायरी पिळून जोडण्याचा सल्ला सांगितला. ते हसले. "त्या दोन कॉइलींना दोन वेगळे चॅनल आहेत. आउटपुट एकमेकांना जोडलेत तर अ‍ॅम्प जाईल. आणि यातली कुठलीच वायर बॉडीला लावायची नसते. जुन्या रेडिओत चालायचं ते." जुन्या मोटार-रेडिओत स्पीकरची एक बाजू मोटारीच्या पत्र्यालाच जोडलेली असे. दोन्हीकडून ढकलणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही वायरी मात्र जिवंत असतात. दुकानदाराची सवय खोटी नव्हती. ती तीस-चाळीस वर्षांपूर्वीची खरी होती.

पर्याय तीन होते. बाजारात सहज मिळणारा, चार-चार ओहमांच्या दोन कॉइलींचा सबवूफर घेता आला असता. दोन्ही चॅनल सुरक्षित राहिले असते, पण प्रत्येकाची शक्ती निम्मी झाली असती आणि कारखान्याच्या लहान पेटीत तो परका शंकू कसा वागेल हे सांगता येत नव्हते. दुसरा पर्याय सगळेच बाजारी करण्याचा. नवा सबवूफर, नवी पेटी, नवा अ‍ॅम्प्लिफायर. चार-चार ओहमांच्या कॉइली समांतर जोडल्या तर दोन ओहम, एकसर जोडल्या तर आठ. अ‍ॅम्प्लिफायरला कमीत कमी किती ओहम सोसतात ते पाहून जोडणी ठरवायची. तीनशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात बॅटरीतून तीसेक अ‍ॅम्पिअर ओढणार, म्हणून थेट बॅटरीपासून जाड तार न्यायची, तीही निखळ तांब्याची. वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार तेवढ्याच जाडीत कमी धारा सोसते. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावायचा, कारण तो अ‍ॅम्प्लिफायरपेक्षाही त्या तारेला, पर्यायाने मोटारीला, आगीपासून वाचवण्यासाठी असतो. हा मार्ग सरळ आणि जाहीर मापांचा आहे. पण त्यात सामान ठेवण्याची निम्मी जागा जाते आणि मोटारीसाठी कोरलेली ती जुनी दुरुस्तीही हातची जाते.

तिसरा पर्याय कारागिरांनी सुचवला, "हाच पुन्हा भरू." दोन-दोन ओहमांची तेवढ्या मापाची दुहेरी कॉइल तयार मिळेना. मग त्यांनी जळालेली कॉइल उलगडली, वेढे मोजून कागदावर लिहिले, तारेची जाडी मापली, आणि त्याच व्यासाच्या नव्या नळीवर तितकेच वेढे पुन्हा गुंडाळले. फोमच्या जागी रबराची कडी लावली. गोंद वाळायला एक दिवस ठेवला. दुसऱ्या दिवशी जोडण्याआधी त्यांनी पेन्सिल सेल घेऊन एकेका कॉइलला क्षणभर टेकवला. दोन्ही वेळा शंकू बाहेरच आला. एक जरी उलटी असती तर दोघी एकाच शंकूला विरुद्ध दिशांनी ओढत राहिल्या असत्या आणि खर्ज ऐकूच आला नसता. मोटारीत बसवताना त्यांनी चारही वायरी मूळच्या जागी, वेगवेगळ्या लावल्या.

*

खर्ज परत आला. अगदी पूर्वीचा नाही. रबर फोमपेक्षा जड असल्याने शंकूचा स्वतःचा स्वर थोडा सरकला असावा, आणि डग्ग्याचा घुमारा आता किंचित सावकाश शमतो. तानपुरा मात्र आहे तिथे आहे.

या व्यवहारात कोण बरोबर होते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. सेट बदलायला सांगणारा तरुण मूर्ख नव्हता. त्याच्यापुढच्या संगणकात त्या भागाला वेगळा क्रमांकच नव्हता. ज्याला क्रमांक नाही ते त्याच्या जगात नव्हतेच. वायरी पिळणारा दुकानदार लबाड नव्हता. त्याला माहीत असलेल्या जगात खरोखरच सगळे सगळ्याशी जुळत असे. पहिल्याने जुळणीवरचा विश्वास गमावला होता आणि दुसऱ्याने जुळणीसाठी लागणारे मोजमाप. जिन्याखालच्या कारागिरांकडे या दोन्ही गोष्टी होत्या. कारखान्याने न छापलेला आकडा त्यांनी जळालेल्या वस्तूतूनच वाचून काढला. जुन्या पोथीचे कसरीने खाल्लेले पान भरून काढणाराही आधी उरलेल्या ओळींच्या मात्रा मोजतो.

परंतु अशा वाचनालाही सीमा आहे. तांब्याचे वेढे मोजता येतात. प्रकाशतंतूतून वाहणारे आकडे किंवा चिपमध्ये कोरलेली दुरुस्ती बोटांनी मोजता येत नाही. म्हणूनच हा प्रश्न आता दुकानांपुरता न राहता कायद्यापर्यंत पोहोचला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने असा कौल दिला की मोटारीच्या दुरुस्तीची माहिती आणि साधने कारखान्यांनी स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांनाही द्यावीत. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. या प्रयत्नांतून किती निष्पन्न होईल ते काळच ठरवील. पण त्यामागची मागणी मुळात फार जुनी आणि माफक आहे: एका आकड्याने जोडले जाण्याची सोय, जी १८८१ साली पॅरिसमध्ये मान्य झाली होती, ती काढून घेऊ नका.

पैसे देताना आम्ही कारागिरांना विचारले, वेढ्यांचा तो आकडा कुठे नोंदवून ठेवता का? त्यांनी भिंतीवरचे जुने कॅलेंडर उलटून दाखवले. त्याच्या कोऱ्या पाठीवर कितीतरी वर्षांचे आकडे दाटीवाटीने लिहिलेले होते आणि सर्वांत खाली, अजून शाई न मळलेला, आमचा.